विमानतळावरची व्हीलचेअर आणि आपले गुडघे

रात्री अमेरिकेला जाणाऱ्या कुठल्याही विमानाच्या गेटवर पाच मिनिटं उभं राहा. व्हीलचेअरची रांग लागलेली दिसेल. त्यात पक्षाघात होऊन गेलेले आजोबा असतात, डायलिसिसवरची बाई असते, गुडघे पार झिजलेल्या आणि वजन शंभराच्या पुढे गेलेल्या काकू असतात. आणि त्याच रांगेत रोज सकाळी मैदानाला चार फेऱ्या मारणारे काकाही असतात. न्यू जर्सीहून तिकीट काढताना मुलाने चौकोनात टिक करून ठेवलेली असते, "बाबा, इमिग्रेशनला उभं राहायला नको."

या रांगेचे फोटो अधूनमधून फिरतात आणि खाली ठरलेली भांडणं होतात. एक गट म्हणतो, खा-खा खायचं, हलायचं नाही आणि मग खुर्ची मागायची, लाज कशी वाटत नाही. दुसरा गट म्हणतो, कुणालाही काही विचारूच नका, विचारणं हाच अपमान. मला दोन्ही पटत नाहीत. माझं म्हणणं सरळ आहे. वजन कशामुळे वाढलं याची चौकशी खुर्ची देताना करायचं काही कारण नाही, आणि काय जमतं, काय जमत नाही हे विचारायला लाजायचंही कारण नाही. आपल्याकडे नेमकं उलट चालतं. पहिली चौकशी सगळे करतात, दुसरी कुणीच करत नाही.

आधी खुर्चीची व्यवस्था कशी चालते ते बघू, कारण तिकीट काढणाऱ्या दहांतल्या नऊ जणांना ती ठाऊक नसते.

विमान कंपन्यांच्या यंत्रणेत व्हीलचेअर तीन प्रकारची असते आणि प्रत्येकीचा कोड वेगळा. शेवटचं अक्षर लक्षात ठेवा: आर, एस, सी. आर म्हणजे माणूस जिना चढतो, विमानात आपल्या सीटपर्यंत चालत जातो, फक्त टर्मिनलमधलं लांबचं अंतर त्याला झेपत नाही. एस म्हणजे पायऱ्या जमत नाहीत, पण विमानाच्या दारापासून सीटपर्यंत तो चालू शकतो. सी म्हणजे अजिबात चालता येत नाही, सीटपर्यंत न्यावं लागतं आणि सीटवर बसवावंही लागतं. सी लिहिलं की विमानाच्या अरुंद वाटेतून जाणारी छोटी, पट्टे असलेली खुर्ची लागते, उचलायला दोन माणसं लागतात, आणि विमान लांब उभं असेल तर अँबुलिफ्ट, म्हणजे दारापर्यंत वर उचलली जाणारी गाडी, बोलवावी लागते.

गोंधळ इथेच होतो. मुलगा ऑनलाइन फॉर्म भरताना विचार करतो, सी म्हणजे पूर्ण सेवा, तेच घेऊ, आईला बरं पडेल. मग अँबुलिफ्ट येते, दोन माणसं येतात आणि आई टुणकन उठून पायऱ्या चढून जाते. तेवढ्या वेळात दुसऱ्या विमानातला, खरंच न चालू शकणारा माणूस आपल्या सीटवर बसून राहिलेला असतो. उलटंही होतं. ज्यांना पायऱ्या अजिबात जमत नाहीत, त्यांच्या नावापुढे आर पडतं, विमान बसने जायच्या जागी लागतं आणि जिन्याखाली उभं राहून रडायची वेळ येते. वजनदार माणसाच्या बाबतीत हे जास्त होतं, कारण फॉर्म भरणाऱ्या मुलाला आईवडिलांचे गुडघे किती वाकतात हेच माहीत नसतं. तो दोन वर्षांपूर्वी भेटलेला असतो.

आता गणित. एक मदतनीस आणि एक खुर्ची चेक-इनपासून गेटपर्यंत जायला साधारण पाऊण तास ते तास धरा. मध्ये सिक्युरिटी, इमिग्रेशन आणि प्रवाशाचं स्वच्छतागृह येतं. समजा एका विमानाला चाळीस खुर्च्यांची मागणी आहे आणि त्या वेळी दहा मदतनीस मोकळे आहेत. म्हणजे चार फेऱ्या. चौथ्या फेरीतला माणूस तीन तास आधी येऊनही धावपळीत पोचतो. उतरताना तर सगळ्यांना एकाच वेळी खुर्ची हवी असते, फेऱ्या मारायला वावच नसतो. चाळिसातल्या पंधरा जणांनी गरज नसताना मागणी नोंदवली असेल, तर त्या पंधरांचा त्रास कंपनीला होत नाही, उरलेल्या पंचविसांना होतो.

१२ फेब्रुवारी २०२४ ला मुंबईत जे झालं ते अनेकांना आठवत असेल. न्यूयॉर्कहून आलेल्या एअर इंडियाच्या विमानातून ऐंशी वर्षांचे एक आजोबा आणि त्यांची पत्नी उतरले. दोघांसाठी आधीच व्हीलचेअर सांगितलेली होती. एकच मिळाली. पत्नी खुर्चीत बसली, आजोबा तिच्या बाजूने इमिग्रेशनपर्यंत चालत निघाले, तिथे कोसळले आणि नंतर त्यांचा मृत्यू झाला. कंपनीचं म्हणणं होतं की मागणी फार होती, त्यांना थांबायला सांगितलं होतं. देशातल्या विमान वाहतुकीवर नियंत्रण ठेवणाऱ्या डीजीसीएने कंपनीला ३० लाख रुपये दंड केला आणि सगळ्याच कंपन्यांना पुरेशा खुर्च्या ठेवायला सांगितलं. दंड योग्यच होता. आधी सांगितलेली खुर्ची देणं ही कंपनीचीच जबाबदारी. पण "मागणी फार होती" या तीन शब्दांत आपला वाटा किती, हे कुणी विचारलं नाही.

कंपन्यांना मोकळं सोडावं असं मी म्हणत नाही. ऑक्टोबर २०२४ मध्ये अमेरिकेच्या परिवहन खात्याने अमेरिकन एअरलाइन्स या कंपनीला ५ कोटी डॉलरचा दंड केला, अपंग प्रवाशांना दिलेल्या वागणुकीबद्दल आणि त्यांच्या खुर्च्यांच्या मोडतोडीबद्दल. खुर्च्या कमी ठेवून नंतर "गैरवापर होतो" म्हणणं कंपन्यांना सोयीचं असतं, हेही खरंच.

आता लठ्ठपणाकडे येऊ, कारण खरी शिवीगाळ तिथेच होते.

लठ्ठपणा म्हणजे अपंगत्व का, हा प्रश्न जगात कोर्टात जाऊन आलेला आहे. डेन्मार्कमध्ये बिलुंड नगरपालिकेसाठी घरी मुलं सांभाळणाऱ्या एका १६० किलोच्या माणसाची नोकरी २०१० मध्ये गेली. प्रकरण युरोपीय न्यायालयापर्यंत पोचलं आणि १८ डिसेंबर २०१४ ला निकाल आला: लठ्ठपणा हे स्वतःहून अपंगत्व नाही, पण त्यामुळे हालचालीवर किंवा कामावर दीर्घकाळ मर्यादा येत असेल, तर ते अपंगत्व ठरू शकतं. वजन कशामुळे वाढलं, यात त्याचा दोष किती, हा मुद्दा गैरलागू आहे असंही न्यायालयाने सांगितलं. कॅनडाने त्याआधीच, जानेवारी २००८ मध्ये, देशांतर्गत उड्डाणांसाठी "एक माणूस, एक भाडं" असा आदेश दिला. ज्याला अपंगत्वामुळे दोन सीट लागतात, त्यात लठ्ठपणामुळे अपंग झालेलेही आले, त्याच्याकडून दुसऱ्या सीटचे पैसे घ्यायचे नाहीत. कंपन्या सर्वोच्च न्यायालयात गेल्या, तिथे दाद लागली नाही. पण तिथेही नुसतं वजन जास्त असून भागत नाही. मर्यादा दाखवावी लागते.

आपल्याकडे २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात २१ प्रकार आहेत, त्यांत लठ्ठपणा नाही. म्हणून ९५ किलोच्या माणसाला नुसत्या वजनावर दाखला मिळणार नाही, मिळूही नये. मात्र त्याच माणसाचा गुडघा वाकत नसेल तर तो गुडघा मोजला जातो. आणि विमानतळावरच्या खुर्चीला मुळात दाखला लागतच नाही. डीजीसीएच्या नियमात वय, आजार किंवा इतर कारणाने ज्याची हालचाल मंदावली आहे असा प्रत्येक जण येतो. ज्याला गरज आहे त्याला खुर्ची फुकट आहे. एवढी मोकळी व्यवस्था ठेवली आहे, कारण ८२ वर्षांच्या आजींकडे यूडीआयडी, म्हणजे दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र, कुठून असणार? ही मोकळीक टिकवायची असेल तर तिची किंमत कळली पाहिजे.

मग वैयक्तिक जबाबदारीचं काय? ती आहेच, पण प्रवासाच्या दिवशी मोजायची नसते. स्टेरॉइड, इन्सुलिन, मानसिक आजारांवरची काही औषधं, थायरॉइड, घराण्यातून आलेली चण, रात्रपाळी, पाळी गेल्यानंतरची वर्षं, हे सगळं वजनात उतरतं. शिवाय आपली मापंच वेगळी आहेत. भारतीयांसाठी बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, २३ ला जादा वजन आणि २५ ला लठ्ठपणा धरतात, पोटाचा घेर पुरुषांत ९० आणि बायकांत ८० सेंटिमीटर. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत, २०१९-२१ मध्ये, २५ च्या वर बीएमआय असलेल्या बायका २४ टक्के आणि पुरुष २२.९ टक्के निघाले. म्हणजे जवळपास प्रत्येक चौथा माणूस. या सगळ्यांना आळशी म्हणून मोकळं होणं सोपं आहे, उपयोग शून्य.

उपयोग कशाचा होतो, तर साध्या हिशोबाचा. गुडघ्याचा संधिवात असलेल्यांवर झालेल्या अभ्यासात दिसलं की शरीराचं एक किलो कमी झालं की चालताना प्रत्येक पावलाला गुडघ्यावरचा भार सुमारे चार किलोंनी उतरतो. ९० किलोच्या बाईने पाच टक्के, म्हणजे साडेचार किलो कमी केले, तर प्रत्येक पावलामागे अठरा किलो. टर्मिनलमध्ये एक किलोमीटर म्हणजे दीड हजाराच्या आसपास पावलं. गुणाकार तुम्हीच करा. चाळीस किलो उतरवायची गरज नाही, पहिल्या पाचांतच गुडघ्याला फरक कळतो.

प्रवासाला तीन महिने असतील तर व्हिसाच्या कागदांबरोबर हेही सुरू करा. पाठ टेकून बसायचं, एक पाय सरळ समोर उचलून पाच मोजायचं, खाली ठेवायचं. दोन्ही पायांना दहा-दहा वेळा, दिवसातून दोनदा. मग हातांचा आधार न घेता खुर्चीतून उठायचं आणि बसायचं, दहा वेळा. पहिल्या आठवड्यात जमलं नाही तर खुर्चीवर उशी ठेवून उंची वाढवा. मांडीचे पुढचे स्नायू बळकट झाले की गुडघ्यावरचा ताण तेच घेतात. चालताना सुरुवात दुखत नाही तेवढ्या अंतराने, मग दर आठवड्याला थोडं थोडं वाढवा. छातीत दुखलं, धाप नेहमीपेक्षा जास्त लागली, पोटरी एका बाजूला सुजली तर चालणं थांबवून डॉक्टर गाठा. महिनाभरात सोसायटीला वळसे घालत, मध्ये बसत का होईना, आठशे मीटर झाले तर खुर्चीची गरज आहे की नाही हे तुमचं तुम्हालाच कळेल. नाही झाले तर निःशंकपणे खुर्ची मागा. कुणाच्या नजरेला भिऊ नका.

आणि मागताना वजन सांगा. बहुतेक जण लपवतात आणि तिथेच फसतात. साध्या व्हीलचेअरची बैठक सुमारे ४५ सेंटिमीटर रुंद असते आणि ती साधारण ११० किलोंपर्यंतच्या माणसासाठी बनवलेली असते. त्याहून जड माणूस तीत बसवला की बाजूचे पत्रे मांडीला रुततात, चाकं वाकडी धावतात, आणि एरोब्रिजच्या, म्हणजे टर्मिनलमधून विमानाच्या दारापर्यंत जाणाऱ्या पुलाच्या, चढावर एकट्या मदतनिसाचं काम उरत नाही. जादा रुंदीची खुर्ची विमानतळावर असते, पण मोजकी, आणि ती आधी सांगितली तरच गेटवर येते.

माप घरी घेता येतं. टणक स्टुलावर बसा. दोन जाडजूड पुस्तकं दोन्ही बाजूंना, मांडी आणि नितंब जिथे सगळ्यात रुंद आहेत तिथे, उभी टेकवून धरायला सांगा. दाबायची नाहीत, नुसती टेकवायची. पुस्तकांच्या आतल्या बाजूंमधलं अंतर टेपने मोजा. त्यात तीन-चार सेंटिमीटर मिळवा, ही तुमची खुर्ची. हाच आकडा विमानातल्या सीटसाठीही कामाला येतो. इकॉनॉमीत सीटच्या दोन हातांमधली जागा ४३ ते ४६ सेंटिमीटर. तुमचं माप ५० आलं तर शेजारच्याच्या अंगावर रेलून सोळा तास काढण्यापेक्षा जादा सीटचं आधीच विचारा. बऱ्याच कंपन्या ती देतात, भारतात मात्र पैसे मोजावे लागतात. पट्टा पुरत नसेल तर त्याला जोडायचा तुकडा क्रू फुकट देतो. विमानात चढताना हळूच सांगा, सीटवर बसल्यावर बेल वाजवून नको. वाटेच्या बाजूच्या सीटचा हात बऱ्याच विमानांत वर उचलता येतो. त्याची कळ हाताच्या खाली, मागच्या बिजागरीजवळ लपलेली असते. क्रूला विचारा, ते दाबून देतात. एवढ्याने अर्धं संकट टळतं.

इथे एक गोष्ट "चमत्कार" वाल्यांसाठी. चढताना वीस खुर्च्या, उतरताना तीन, म्हणजे आकाशात सतराजण बरे झाले, हा विनोद जुना आहे. अमेरिकेतल्या फ्रंटियर कंपनीच्या प्रमुखाने २०२४ मध्ये जाहीरपणे हेच आकडे सांगितले होते. प्रत्येक खुर्चीमागे तीस-पस्तीस डॉलर खर्च येतो, आणि अपंगांच्या पार्किंगच्या गैरवापराला असते तशी शिक्षा यालाही हवी, असंही ते म्हणाले. गैरवापर आहेच. पण त्या सतरांत सगळे खोटे नसतात. आर कोडचा माणूस नियमानेच विमानात चालत जातो, त्यामुळे तो उठून उभा राहिला हा पुरावा नाही. उतरताना पाऊण तास खुर्ची न आल्याने काहीजण दात-ओठ खात चालत निघतात, मुलगा बाहेर थांबलेला असतो. शिवाय हृदय किंवा फुप्फुसाचा आजार बाहेरून दिसत नाही. अशा न दिसणाऱ्या अडचणींसाठी २०१६ मध्ये लंडनच्या गॅटविक विमानतळावर गळ्यात सूर्यफुलांचं चित्र असलेली पट्टी घालायची पद्धत सुरू झाली. बंगळुरूनेही ती घेतली आहे. त्यामुळे गेटवर फोन काढून शेजारच्या जाड्या बाईचं शूटिंग करणाऱ्यांनी जरा आवरावं. गैरवापर पकडायचा असेल तर तो तिकीट काढताना पकडावा.

आता आपल्या लोकांच्या खऱ्या कारणाकडे. आई-बाबांना खुर्ची पायांसाठी कमी आणि भीतीसाठी जास्त हवी असते. इंग्रजी उच्चार कळत नाहीत, गेट बदललेलं समजत नाही, अधिकारी काय विचारेल याची धास्ती. ही गरज खरी आहे, फक्त तिला खुर्ची नको, सोबत हवी. कंपन्यांकडे "मीट अँड असिस्ट" नावाची मदत असते, तिचा कोड वेगळा असतो. माणूस भेटतो, सोबत चालतो, फॉर्म दाखवतो, गेटवर सोडतो. चेक-इनआधी कंपनीला फोन करून तीच मागा. मुंबई विमानतळावर पैसे देऊन "प्रणाम" सेवा घेता येते. मोठ्या टर्मिनलमध्ये बग्गी असते, सरकते पट्टे असतात. इमिग्रेशनच्या रांगेची चिडचिड असेल तर भारतीय नागरिकांसाठी २०२४ पासून फास्ट ट्रॅक इमिग्रेशनची सोय आहे, आधी दिल्लीत, जानेवारी २०२५ पासून मुंबईतही. ऑनलाइन अर्ज करायचा, बोटांचे ठसे आणि फोटो द्यायचे, मग ई-गेटमधून जायचं. शुल्क नाही. पण हे काम प्रवासाच्या आदल्या दिवशी होत नाही, पडताळणीला वेळ लागतो.

अमेरिकेच्या बाजूला अधिकारी तीन-चारच गोष्टी विचारतो: कुणाकडे आलात, किती दिवस, परतीचं तिकीट, सामानात खायचं काय. एका कागदावर मुलाचं नाव, पत्ता, फोन, परतीची तारीख आणि औषधांची यादी इंग्रजीत लिहून पासपोर्टात ठेवा. कढीपत्ता आणि आंबे घरीच ठेवा, लाडू-चिवडा विचारला तर सांगून टाका. भाषा अडली तर दुभाषा मागता येतो. यासाठी खुर्चीत बसून चालता न येण्याचं सोंग करायची वेळ येत नाही.

दाखला मागावा, फी लावावी, अशा सूचना अधूनमधून येतात. दाखल्याला माझा विरोध आहे. खोटे दाखले निघू शकतात हे महाराष्ट्राला वेगळं सांगायला नको, आणि खोटेपणाने सवलत लाटली तर दिव्यांग हक्क कायद्याच्या कलम ९१ खाली दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड आहे, तरी ते निघतातच. शिवाय दाखल्याच्या रांगेत सगळ्यात आधी गुडघे गेलेली गरीब बाई अडकेल, एजंट गाठणारा नाही. त्यापेक्षा बुकिंगच्या पानावर एका चौकोनाऐवजी तीन प्रश्न ठेवावेत: पायऱ्या चढता येतात का, न थांबता किती चालता येतं, सीटवर स्वतः बसता येतं का. चौथा पर्याय म्हणून "फक्त सोबत हवी". खोटं बोलणारा तिथेही बोलेलच. पण न कळता टिक करणारे बरेच आहेत, ते तिथल्या तिथे गळतील.

तोवर आपल्या हातात फोन आहे. विमानाच्या किमान ४८ तास आधी करा आणि गोलमोल बोलू नका. असं सांगा: "आईचं वय ७१, वजन ११८ किलो, बसल्यावर रुंदी ५२ सेंटिमीटर. सपाट जागेवर शंभर मीटर चालते, पायऱ्या जमत नाहीत, सीटवर स्वतः बसते. एस कोड हवा, रुंद खुर्ची हवी, पट्ट्याचा जोडतुकडा हवा, वाटेची सीट हवी. वडिलांना खुर्ची नको, ते बरोबर चालतील." मग नोंद झाल्याचा ईमेल मागा आणि त्यात शेवटचं अक्षर कुठलं पडलंय ते तपासा.